ऑगस्टमध्ये शिकलेला पहारेकरी

सोमवार, १ सप्टेंबर, सकाळी आठ वाजून सेहेचाळीस मिनिटे. युट्रेख्टमधील आमच्या कार्यालयात उन्हाळी सुट्टीवरून परतलेल्या पहिल्या डच सहकाऱ्याने संगणक उघडला, चार ओळी लिहिल्या, आणि संगणकाने त्याला बाहेर काढले. दहा मिनिटांत अशी सहा माणसे झाली. नऊ वाजता अडतीस. ती सगळी कॉफीचे कप हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये उभी होती.

हे एका गृहस्थांमुळे घडले. त्यांचे नाव लिहीत नाही. ते त्यांना आवडणार नाही. मी त्यांचा वरिष्ठ होतो. चाळीस वर्षांच्या नोकरीत ज्यांच्याबद्दल अभिमान वाटावा अशी माणसे मला फार भेटली नाहीत. हे त्यांतले एक.

आमची संस्था हरितगृहांची यंत्रणा सांभाळत असे. टोमॅटो, ढोबळी मिरची, ऑर्किड. प्रत्येक हरितगृहात एक पेटी असते. छताच्या खिडक्या, ऊब आणि पाणी ती ठरवते, आणि तिच्याशी आमचे कार्यालय जोडलेले असते. जानेवारीच्या थंडीत कोणी परक्याने आमच्या नावाने त्या खिडक्या उघडल्या, तर हंगाम संपला. तो परका आत येऊ नये, हे माझ्या विभागाचे काम.

हे गृहस्थ विदर्भातले. कृषी महाविद्यालयात वनस्पतींचे रोग शिकले, मग संगणकाकडे वळले, आणि शेजारच्या देशातल्या डच बोलणाऱ्या भागात दहा वर्षे संशोधन करून इथे पोहोचले. मुलाखतीत मी विचारले होते, "आमच्याभोवती तुम्ही तटबंदी कशी बांधाल?"

"बांधणार नाही, सर."

"का?"

"भिंत शिकत नाही. चोर शिकतो. दोन वर्षांत चोर पुढे, भिंत तिथंच."

इतर चार उमेदवारांनी मला नकाशे काढून दाखवले होते. मी यांना घेतले.

भिंतींवर विश्वास नसलेला हा माणूस सायकलवर मात्र हेल्मेट घालत असे. या देशात रस्त्यावरची साधी सायकल चालवताना हेल्मेट घालणारा माणूस म्हणजे एकतर पर्यटक किंवा आजारी. त्यांची मुलगी त्यांच्यापासून शंभर पावले मागे राहून सायकल चालवत असे. मी एकदा म्हणालो, "तुम्हाला तर भिंत पटत नाही."

"डोक्याची पैदास करता येत नाही, सर. एकच आहे."

पैदास हा त्यांचा शब्द. ते संरक्षणाचे प्रोग्राम लिहीत नसत, पैदास करत. शुक्रवारी संध्याकाळी एका बंद यंत्रात ते काही शेकडो पहारेकरी आणि काही शेकडो चोर सोडत. सगळेच लहान लहान प्रोग्राम. शनिवार-रविवार त्यांची झुंज चाले. सोमवारी ते दुबळे अर्धे पुसून टाकत, उरलेल्यांचे संकर करत आणि पुन्हा सोडत. पहारेकऱ्यांना नावे नसत, बियाण्याच्या वाफ्यांप्रमाणे ओळ आणि क्रमांक असत. मी विचारले, की चोरांचीही पैदास कशाला? ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी शेतात पाणी कशाला असे विचारले आहे.

"चोर मठ्ठ राहिला तर पहारेकरी कशावर वाढंल, सर?"

ते एरवी प्रमाण मराठी बोलत. विषयात रंगले की वऱ्हाड डोके वर काढी.

त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेले एक भिंग असे. हरितगृहात गेलो की मी पेटी तपासायचो आणि ते पाने. एकदा टोमॅटोच्या एका पानावर त्यांनी मला बोलावले. पानावर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके होते. मालक काळजीत होता.

"हे पान हरलं असं वाटतं ना तुम्हाला?" त्यांनी विचारले.

"तसे दिसते आहे."

"जिंकलंय. झाडाला रक्त नाही, धावत येणारे शिपाई नाहीत. प्रत्येक पेशी एकटी. रोग आत शिरला हे कळलं, की ती पेशी स्वतः मरते आणि आजूबाजूच्या चार घेऊन मरते. रोगाला पुढं जायला जिवंत वाटच उरत नाही. हा डाग म्हणजे तिनं केलेलं काम."

पुढच्या तीन महिन्यांत त्यांनी प्रत्येक पेटीला तीच विद्या शिकवली. आपल्यात काही परके शिरले असे वाटले, की पेटीने मुख्यालयाला विचारायचे नाही. स्वतःला तोडून घ्यायचे. माणसाने जाऊन खिडक्या हाताने उघडायच्या. वरिष्ठ मंडळी नाराज झाली. पेटीने न विचारता निर्णय घ्यायचा म्हणजे काय? मी मंजुरी दिली.

आणि तो डबा. बिस्किटांचा पत्र्याचा गोल डबा, झाकणावर पवनचक्की. आमच्यावर झालेल्या प्रत्येक हल्ल्याचा एक तुकडा ते हाताने चिठ्ठीवर उतरवून त्यात ठेवत. खोट्या पत्रातल्या दोन ओळी, घातक प्रोग्रामची एखादी ओळ, खाली तारीख. संगणकात हे सगळे नोंदलेले होतेच. मी तसे म्हणालो.

"संगणकातलं कोणी वाचत नाही, सर. जिवाणूला डोळे नाहीत, डोकं नाही. तरी त्याच्यावर विषाणू आला आणि तो वाचला, तर त्या विषाणूचा तुकडा कापून स्वतःच्या वारशात ठेवतो. लेकरांना देऊन जातो. पुढच्या वेळी तोच आला, की तुकडा जुळवायचा आणि कापायचा. आणि आपण काय करतो? घटना बंद झाली म्हणून शेरा मारतो."

नव्या माणसाला ते कामाच्या पहिल्या दिवशी डबा देत आणि सगळ्या चिठ्ठ्या वाचायला लावत. सर्वांत खालची चिठ्ठी मात्र घडी घालून चिकटवलेली होती. ती कोणी उघडायची नाही.

आता ऑगस्टकडे येतो.

माणसाच्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. त्यांच्या मते जगातली सर्वांत कडक शाळा. शरीराच्या शिपायांचा एक मोठा वर्ग तिथे शिकतो. शिपाई आंधळेपणाने, हजार तऱ्हांचे घडवले जातात. मग त्यांना शरीराच्याच पेशी दाखवतात. जो आपल्यावर भुंकला, तो नापास. आणि नापास म्हणजे मरण. बहुतेक नापास होतात. उरतात ते बाहेर पडतात आणि परक्यावर भुंकतात. मला ही शाळा आवडली.

चार वर्षांच्या पैदाशीनंतर त्यांनी आपल्या पहारेकऱ्यासाठी अशीच शाळा बांधली. पहारेकरी पासवर्ड पाहणार नव्हता. पासवर्ड चोरता येतो. तो माणसाची कामाची सवय पाहणार होता. कोण काय आधी उघडतो, किती घाईने लिहितो, कधी थांबतो. त्यासाठी एक महिना त्याला कार्यालयातली आपली माणसे दाखवायची होती. महिना मी ठरवला. ऑगस्ट. घर शांत असते, शिकायला बरे, असे माझे म्हणणे. त्यांनाही ते पटले.

परीक्षा १ सप्टेंबरला होती. त्या दिवशी पहारेकरी प्रथमच एकटा कामावर उभा राहणार होता. तो उत्तीर्ण झाला, तर या गृहस्थांची नोकरी कायम होणार होती. नाही झाला, तर त्यांचा करार तीस तारखेला संपत होता. इथे येऊन त्यांना चार वर्षे झाली होती. पाच भरल्याशिवाय इथे राहण्याचा कायमचा परवाना मागता येत नाही, आणि नोकरी गेली तर नवी शोधायला तीन महिने मिळतात. त्यांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा मे महिन्यात. ती मराठी समजते, उत्तर डचमध्ये देते. तिला नागपूरला नेऊन कोणत्या वर्गात बसवायचे, हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नाही. मला ठाऊक होता.

तर १ सप्टेंबर, सकाळी नऊ. ते माझ्या टेबलापाशी आले.

"सर, पहारेकरी अगदी बरोबर काम करतोय."

"बाहेर अडतीस माणसे उभी आहेत."

"तेच पाहतोय." काचेपलीकडच्या गर्दीकडे बोट करून ते म्हणाले, "ही माणसं ऑगस्टमध्ये कुठं होती?"

"सुट्टीवर."

"आणि आपण?"

आम्ही सात जण, सगळे पुणे, मुंबई आणि नागपूरकडचे. आमच्या रजा दिवाळीसाठी आणि डिसेंबरातल्या लग्नांसाठी राखलेल्या. ऑगस्टमध्ये डच मंडळी तंबू घेऊन फ्रान्सला जातात आणि आम्ही काम करतो; हे इतक्या वर्षांच्या सवयीचे, की त्यात काही विशेष आहे हेच आम्हाला दिसले नव्हते. महिनाभर आम्हा दोघांनाही कार्यालय भरलेले वाटले, कारण जेवणाच्या टेबलाभोवती जागा नसे. पहारेकऱ्याने सात भारतीयांना कुटुंब मानले आणि उरलेल्या देशाला परके.

"बाप्पा," ते स्वतःशीच म्हणाले, "आपण डच लोकांना त्यांच्याच देशात बाहेर काढलं."

संचालिका आल्या. त्याही बाहेर काढलेल्यांत होत्या. "मी उन्हात इतकी भाजले आहे का, की तुमच्या पहारेकऱ्याला ओळखू येत नाही?" त्यांनी विचारले. मग हसू पुसून म्हणाल्या, "बंद करा त्याला."

"नको," हे म्हणाले.

संचालिकांना नकार देण्याची पद्धत आपल्याकडच्या माणसांना जमत नाही. आपण 'पाहतो' म्हणतो. हे डचांसारखे बोलले.

"शरीर स्वतःवर उलटलं, की पहिला मोह तोच होतो, सगळा पहारा बंद करायचा. मग जे बाहेर टपून असतं ते आत येतं. एक वाजेपर्यंत वेळ द्या. माणसांची ओळख करून देतो."

"एक वाजता मी तुमच्याकडून उत्तर घेईन."

त्यांनी मोठी बैठकीची खोली रिकामी केली. दारापाशी खुर्ची टाकून स्वतः बसले. दहा-दहा जणांना आत घेतले. प्रत्येकाचा चेहरा पाहून, नाव विचारून, मग वीस मिनिटे नेहमीचे काम करू द्यायचे. एक उंच विक्री अधिकारी कुरकुरला, "इथे अकरा वर्षे आहे मी. आता तुम्ही माझी ओळख पटवणार?"

"त्यातली चार मीही इथं आहे. तुम्ही माझ्याशी आज पहिल्यांदा बोलताय," हे म्हणाले. "बसा. नेहमीसारखं काम करा. नेहमी काय करता?"

"आधी फुटबॉलच्या बातम्या वाचतो."

"मग वाचा. त्याला खरं कळू द्या."

खोली हसली. बारा वाजून चाळीस मिनिटांनी अडतिसावा माणूस आपल्या जागेवर कामाला लागला. पहारेकरी कोणावर भुंकला नाही. संचालिका म्हणाल्या, "वाईट नाही." डच भाषेत याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. मंजुरीचा कागद माझ्या टेबलावर आला. माझी सही, मग संचालिकांची. मी पेन उघडले.

"सर, सही जेवल्यावर करा."

"का?"

"एक शंका आहे."

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. बाकीचे पाच जण डच सहकाऱ्यांसोबत कालव्याकाठी फेरी मारायला गेले होते. सकाळच्या गमतीनंतर त्यांना प्रथमच कोणी बोलावले होते. टेबल प्रथमच रिकामे होते. मी पोळीभाजी काढली. ते रोज भाकरी, ठेचा आणि दुकानातले कार्नेमेल्क आणत. त्यात मीठ घातले की उत्तम ताक होते. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. संगणक उघडून समोर ठेवला.

"पिल्लू आईच्या पोटात असताना त्याला एखादा विषाणू लागला," ते म्हणाले, "तर कधीकधी त्याचं शरीर त्या विषाणूलाही आपलाच समजतं. जन्मभर त्याच्यावर हात उचलत नाही. सर, आपण सकाळपासून विचार करतोय, की ऑगस्टमध्ये कोण नव्हतं. ऑगस्टमध्ये कोण होतं, याचा विचार केला नाही. जे आपल्यासोबत महिनाभर आत होतं, त्याला हा घरचा समजतो."

मला समजले. मला हेही समजले, की हे त्यांच्याखेरीज कोणाला सुचले नसते. संचालिका समाधानी होत्या. पेन उघडे होते.

"तुमच्या मुलीची परीक्षा मे महिन्यात आहे," मी म्हणालो.

"हो. पण घरी गेलो की ती विचारणार, बाबा, तो पहारेकरी चालतो का? डचांत वाढली आहे, सर. चेहरा बघून तोंडावर सांगते, की खोटं बोलताय."

त्यांनी घड्याळाकडे पाहिले. एक वाजून पाच मिनिटे झाली होती.

"सर, तुम्ही आत्ता काम करताय."

"मी जेवतो आहे."

"मीही तेच म्हणतोय."

त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. माझ्या नावाने कोणीतरी हरितगृहांच्या पेट्यांची यादी उघडत होते. एकेक, सावकाश, नीट.

"तुम्ही एक ते दीड फोनलाही हात लावत नाही. महिनाभर माझ्यासमोर जेवलात. आणि ऑगस्टमध्ये रोज एक ते दीड तुमच्या नावानं काम झालं आहे. एकही दिवस चुकला नाही. पहारेकऱ्याच्या लेखी अख्ख्या कार्यालयातली ही सगळ्यात भरवशाची सवय."

मी घास खाली ठेवला. जुलैमध्ये, युट्रेख्टहून झूटरमेरला घरी परतताना, गाडीत मला एक संदेश आला होता. पासवर्डची मुदत आज संपते, आजच बदला. मी बदलला. फोनवर आलेला आकडाही दिला. अशा संदेशांपासून सावध कसे राहावे, याचे व्याख्यान मी दरवर्षी देत असे. चोराने माझी शिस्त हेरली होती. मी ज्या अर्ध्या तासात हमखास नसतो, तो त्याने घेतला.

माझ्या मनात बचावाची दोन वाक्ये तयार झाली. ती मी तिथेच पुसून टाकली.

"तुम्हाला सकाळीच कळले होते?" मी विचारले.

"सकाळी नाही. कागद आला तेव्हा शंका आली. नाव कोणाचं ते माहीत नव्हतं. आत्ताच पाहिलं." मग संगणक मिटत, "काहून तुमचंच नाव निघावं, असं वाटलं, सर. वाईट वाटलं."

मी उठलो आणि संचालिकांकडे गेलो. ते मागोमाग आले. माझे खाते तोडले. त्या खात्याने हात लावलेल्या अकरा पेट्यांना परका शिरल्याची खूण जाताच त्यांनी स्वतःला तोडून घेतले, कोणाला न विचारता, जशा शिकल्या होत्या तशा. अकरा हरितगृहांत माणसे हाताने खिडक्या उघडत होती. एका मालकाने फोनवर मला शिव्या दिल्या. मी त्या पूर्ण ऐकल्या. दोन तासांनी हिशेब लागला. पानावर अकरा डाग होते आणि पान शाबूत होते.

संचालिकांनी विचारले, "चूक कोणाची?"

"माझी. मी त्याला चुकीचं शिकवलं," हे म्हणाले.

"महिना मी ठरवला. दारही मीच उघडले," मी म्हणालो.

"एका वेळी एक जण बोला," संचालिका म्हणाल्या. मग मंजुरीच्या कागदाकडे पाहून माझ्याकडे वळल्या. "पहारेकरी?"

"नापास. पुन्हा शिकवावा लागेल. सगळे हजर असताना."

"आणि हे?"

मी कोरा कागद घेतला. लिहिले, की पहारेकरी नापास आहे हे ज्याने स्वतःच्या नोकरीचा विचार न करता सांगितले, तो माणूस या विभागात कायम असावा; आणि आत शिरलेला परका माझ्या चुकीमुळे आला होता. खाली सही केली. संचालिकांनी ते दोनदा वाचले. त्यांनीही सही केली. चार वाजून वीस मिनिटे झाली होती.

पुढचे थोडक्यात. डिसेंबरात मी निवृत्त झालो. पहारेकरी ऑक्टोबरात पुन्हा शाळेत गेला आणि या वेळी पास झाला. मेमध्ये त्यांची मुलगीही पास झाली. इथल्या प्रथेप्रमाणे घरावर झेंडा लावून काठीला शाळेचे दप्तर टांगले होते. मी ते पाहायला मुद्दाम युट्रेख्टला गेलो. कारण मात्र दुसरेच सांगितले.

त्या सोमवारी साडेपाचला ते कोरी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले.

"तुमच्या अक्षरात लिहा, सर. तुकडा मूळचा हवा."

मी जुलैमधल्या संदेशाच्या दोन ओळी लिहिल्या. खाली तारीख, आणि न विचारता माझे नाव. ते वाचून त्यांनी मान हलवली.

"सर्वांत खालची चिकटवलेली चिठ्ठी कोणाची आहे?" मी विचारले.

"माझी. इथं आल्यावर दुसऱ्याच महिन्यातली. तुमच्या आधी मी फसलो होतो."

त्यांनी पवनचक्कीचा डबा काढला. तो भरला होता. चिठ्ठी वर ठेवली तर झाकण बसेना. मुठीने दोनदा ठोकून पाहिले. मग खाली गेले, कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटांचा नवा डबा आणला आणि कार्यालयात उरलेल्या सगळ्यांना टेबलाटेबलावर जाऊन बिस्किटे वाटली. उंच विक्री अधिकाऱ्याने दोन घेतली. रिकामा डबा त्यांनी कोरड्या फडक्याने आतून पुसला, माझी चिठ्ठी तळाशी ठेवली आणि झाकण लावले.